लादी कुणाची?

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आज कवितावाचन नाही, आज मी ओल्या लादीवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. पण मागच्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्म्यांची आई कुठल्या ना कुठल्या जिन्यावर, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, कंपनीच्या फ्लोअरवर फडकं मारते हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हसून झालं की ऐका.

आपल्या मराठीत माणूस पडला की आपण म्हणतो, पाय घसरला. या वाक्यात कर्ता कोण? पाय. साबणाचं पाणी कुणी ओतलं, जिन्याची फुटकी पायरी कुणी तशीच ठेवली, गटाराचं झाकण कुणी उघडं टाकलं, बल्ब गेला तर नवा कुणी लावला नाही, यातला एकही इसम त्या वाक्यात येत नाही. सगळा गुन्हा पायाच्या माथी. बाईची बदनामी करायची असली तरी हीच भाषा तिचा पाय घसरवते. आणि पोलीस ठाण्यात हेच वाक्य शाईने उतरतं: ‘पाय घसरून पडल्याने मयत.’ अकस्मात मृत्यूची नोंद, पंचांच्या सह्या, फाईल कपाटात. दोन शब्दांत मालक सुटला, कंत्राटदार सुटला, महापालिका सुटली.

मी गेली बरीच वर्षं कामगार न्यायालयाच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देतो. वकील नाही. पण कागद कुठे मरतो आणि कुठे जिवंत राहतो हे बघून बघून कळलंय. नुकसानभरपाईच्या भांडणात सगळा खेळ एका प्रश्नाचा असतो: लादी कुणाची? आणि त्याला चिकटलेला दुसरा, ती ओली आहे हे त्याला माहीत होतं का, की माहीत असायला पाहिजे होतं?

साधा दिवाणी कायदा आधी घेऊ, म्हणजे निष्काळजीपणाचा. तुम्ही दुकानात गेलात, थिएटरात गेलात, स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर चाललात आणि पडलात. तिथे पडलो एवढं सांगून भागत नाही. ती जागा समोरच्याच्या ताब्यात होती, तिथे धोका होता, तो धोका त्याला ठाऊक होता किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर ठाऊक झाला असता, तरी त्याने काही केलं नाही, आणि त्यातूनच माझं हाड मोडलं, एवढं सगळं पडणाऱ्याने सिद्ध करायचं. म्हणजे कंबर मोडलेल्या माणसाने धावपळ करायची आणि ज्याची लादी आहे त्याने खुर्चीत बसून ‘शाबित करा’ म्हणायचं. असो.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे माहीत असणं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले दोन जुने खटले आहेत, दोन्ही केळीच्या सालीचे, दोन्ही रेल्वे कंपन्यांवर. १९०१ च्या खटल्यात माणूस प्लॅटफॉर्मवर सालीवरून पडला आणि हरला. कोर्ट म्हणालं, साल एखाद्या उतारूने मिनिटभरापूर्वीच टाकली असेल, कंपनीला कळणार कसं? १९११ च्या खटल्यात बाई सालीवरूनच पडली आणि जिंकली. फरक काय? दुसरी साल काळी पडलेली, वाळलेली, मातीने खरखरीत झालेली, तुडवून चपटी झालेली होती, आणि हे बघितलेल्यांनी सांगितलं. ताजी साल तेवढी काळी होत नाही. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती, म्हणजे झाडणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्यांना ती दिसायला हवी होती. बघा, सालीच्या रंगावर निकाल फिरला. बाई पडली याला कुणीच नाही म्हणत नव्हतं. प्रश्न साल किती जुनी याचा होता. कुणीतरी ती साल नीट पाहिली होती म्हणून बाई जिंकली.

आता इंग्लंड. तिथले निकाल आपल्या कोर्टात आजही आधाराला घेतात म्हणून सांगतो. १९७४ साली लिव्हरपूलच्या एका मोठ्या दुकानात, टेस्को कंपनीच्या, एक बाई सांडलेल्या दह्यावरून पडली. ते दही किती वेळ तिथे पडलेलं होतं याचा पुरावा तिच्याकडे शून्य. कंपनी म्हणाली, आम्ही दिवसातून पाचसहा वेळा झाडतो. पण बाईने एक केलं होतं. तीनेक आठवड्यांनी ती त्याच दुकानात परत गेली आणि सांडलेला संत्र्याचा रस पाव तास तसाच पडलेला तिने पाहिला. १९७६ साली वरच्या कोर्टाने ठरवलं की दुकानाची लादी दुकानाच्या ताब्यात आहे, लादीवर दही असणं हे नीट व्यवस्था असलेल्या दुकानात सहसा होत नाही, तर आता व्यवस्था चोख होती हे दुकानानेच दाखवावं. दुकानाला ते दाखवता आलं नाही. भरपाई मिळाली साडेएकशेसदतीस पौंड, काही मोठी रक्कम नव्हे. पण ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं, आणि खटल्यात तेच महत्त्वाचं असतं.

आपल्याकडे हेच तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९६६ साली दिल्ली महापालिकेला लावलं. १९५१ मध्ये चांदणी चौकातला टाउन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली होती. बांधकाम ऐंशी वर्षांचं, आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य फार तर चाळीस-पंचेचाळीस. कोर्ट म्हणालं, मनोरा पालिकेचा, असा मनोरा आपोआप पडत नाही, तुम्ही काय काळजी घेतली ते तुम्ही सांगा. पण यावर फार विसंबू नका. १९७५ साली राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून ऑफिसला निघालेला माणूस मेला, आणि १९९७ साली त्याच सुप्रीम कोर्टाने महापालिका जबाबदार नाही म्हणून सांगितलं. मनोरा पालिकेला समजतो, झाड समजत नाही! बायकापोरांनी वर बघत चालायचं आणि खाली बघतही चालायचं.

शिवाय मुदत. मुंबई महापालिकेवर दावा टाकायचा तर १८८८ च्या कायद्याचं कलम ५२७ आहे: आधी एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. इथेच कितीतरी माणसं मेली. प्लास्टर निघेपर्यंतच चार महिने जातात.

आता आपल्या कामाचा भाग, कामावर पडणाऱ्यांचा. इथे कायदा वेगळा आहे आणि तो वेगळा आहे हेच आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा कणा असा होता की मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढंच दाखवायचं. मालक कितीही सज्जन असो, लादी त्याची, काम त्याचं, नफा त्याचा, तर मोडलेलं हाडही त्याच्या हिशेबात. चूक शोधायचीच नाही म्हटल्यावर मालकाच्या हातात दोनच हत्यारं उरतात: ती माझी कामगार नव्हतीच, आणि ती इथे पडलीच नाही. सगळा खोटेपणा या दोन ठिकाणी साचतो.

एक केस सांगतो. गाव सांगत नाही, कंपनीही नाही. शहराबाहेरची दुधाची डेअरी, साल २०१४, तेव्हा त्या भागात ई.एस.आय. लागू नव्हती. आपल्या वस्तीतली एक मावशी, वय ४५, कंत्राटदाराकडे महिना सात हजारावर क्रेट धुवायला. डेअरीची लादी कशी असते? दुधाची स्निग्धता, वर कॉस्टिक सोड्याचं पाणी, पहाटे पाचची शिफ्ट, पायात स्वतःची स्लीपर. बूट मागितले की मुकादम म्हणायचा, पुढच्या महिन्यात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२ मध्ये लिहिलेलं होतं की लादी, पायऱ्या, येण्याजाण्याची वाट यांवर माणूस घसरेल असा पदार्थ राहू देऊ नये. कायद्याला लादी ठाऊक होती. मावशीला कायदा ठाऊक नव्हता.

मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं. मुकादमाने डेअरीच्या टेम्पोत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मावशी विव्हळत होती. उत्तर मुकादमाने दिलं: घरी मोरीत पडली. डॉक्टरने तेच केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं, ‘फॉल ॲट होम’. त्या तीन शब्दांनी पुढची चार वर्षं आमचा जीव खाल्ला. नंतर कंत्राटदार घरी आला, पाच हजार रुपये ठेवले आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला की माझी काही तक्रार नाही. खरं म्हणजे त्या कागदाला किंमत नव्हती. कामगाराने असा हक्क सोडून दिला तरी तो सुटत नाही, तसा करारच रद्दबातल, हे कायद्यातच होतं. पण घरचे वर्षभर त्या अंगठ्याला घाबरून गप्प बसले. दावा करायची मुदत दोन वर्षांची, त्यातलं एक असं गेलं.

मग आम्ही कागद गोळा करायला लागलो. ग्रामीण रुग्णालयाच्या त्याच केस पेपरवर वेळ होती, सकाळी ६ वाजून ५० मिनिटं, आणि अंगावर कामाचा एप्रन असल्याची नोंद. मोरीत अंघोळीला जाणारी बाई डेअरीचा एप्रन घालून जाते काय? दुसऱ्या दिवशी तिला जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात हलवलं, तेव्हा सोबत मुलगी होती. तिने सांगितलं, कामावर पडली, आणि तिथल्या पेपरवर तसं आलं. म्हणजे दोन सरकारी कागद, एक मुकादमाच्या तोंडचा, एक लेकीच्या.

साक्षीला बाया येईनात. त्यांना मी दोष देत नाही. उद्या पहाटे पाचला त्यांना त्याच गेटातून आत जायचं होतं. शेवटी सापडला टेम्पोवाला. तो तोवर नोकरी सोडून दुसरीकडे गाडी चालवत होता. त्याने येऊन सांगितलं, होय, मीच नेलं, डेअरीतून नेलं. तेव्हा साक्षीदार शोधायचा तर नोकरी सोडून गेलेला शोधा. त्याला कुणाची भीती नसते, आणि बहुतेक वेळा त्याचाही थोडा पगार बुडालेला असतो.

डेअरीने सांगितलं, बाई आमची नाहीच, कंत्राटदाराची. याला कलम १२ होतं: काम मूळ मालकाच्या धंद्याचं असेल तर कंत्राटी कामगाराची भरपाई मूळ मालकाने द्यायची, मग त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी नाहीतर देवाकडून करावी. दूध विकायचं तर क्रेट धुवावेच लागतात, ते डेअरीचंच काम. कंत्राटदाराने सांगितलं, त्या दिवशी ती हजर नव्हती, आणि मस्टर आणलं. त्या एका तारखेचं पान वेगळ्याच पेनाचं. आम्ही गेट रजिस्टर मागितलं. उत्तर आलं, उंदरांनी खाल्लं. उंदीर मोठे हुशार, नेमका तोच महिना खाल्ला!

इथे लक्ष द्या, कारण हे तुमच्या कामाचं आहे. ज्याच्या हातात कागद आहे आणि तो देत नाही, त्याचा कागद त्याच्याच विरुद्ध बोलला असता असं कोर्ट धरू शकतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे ती शाबित करायचा भार त्याच्यावर, हेही आहे. पण कोर्ट हे आपणहून कशाला धरेल? आधी तुम्ही लेखी अर्ज देऊन तो कागद मागितलेला पाहिजे. मागितलाच नाही तर दडवला कसा म्हणणार? उंदरांनी खाल्लं हे उत्तर आमच्यासाठी रजिस्टरपेक्षा मोलाचं ठरलं.

उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने ठरलेला प्रश्न टाकला: बाई, तुम्हाला पाहून चालता येत नव्हतं का? मावशी म्हणाली, साहेब, पोटापासून हनुवटीपर्यंत क्रेट धरले की स्वतःचे पाय दिसत नाहीत. वकील खाली बसला. आणि खरं तर तो प्रश्नच त्या कायद्यात गैरलागू होता. दिवाणी दाव्यात तुमचीही थोडी चूक निघाली तर तेवढा हिस्सा कापतात. कामगाराच्या भरपाईत साधा बेसावधपणा आड येत नाही. दारू पिऊन होती, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, असं काही मालकानेच दाखवावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही सबब चालत नाही. बूट दिलेच नव्हते तर बूट घातले नाहीत हा हुकूम मोडणं कसं?

डॉक्टरांनी कमावण्याची शक्ती चाळीस टक्के गेली म्हणून सांगितलं. हिशेब असा: सात हजाराचे साठ टक्के ४,२००. वय ४५ ला तक्त्यातला आकडा १६९.४४. गुणाकार ७,११,६४८. त्याचे चाळीस टक्के २,८४,६५९ रुपये. वर अपघातानंतर एक महिन्यापासून बारा टक्के व्याज. २०१८ साली निकाल लागला. हा गुणाकार पाठ करून ठेवा. मुकादमाने ठेवलेले पाच हजार आणि हे पावणेतीन लाख, यांच्यामध्ये फक्त कागद होते.

कायदा आता बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा हा कायदा आणि १९४८ चा ई.एस.आय.चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, आणि कारखाना कायदा दुसऱ्या एका संहितेत. कलमांचे आकडे बदलले, तेव्हा जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवू नका. कणा तोच आहे. कामावर जाता-येतानाचा अपघातही, वेळ आणि जागेचा कामाशी संबंध दाखवता आला तर, संहितेत धरला आहे. आणि ई.एस.आय. जिथे लागू आहे तिथे मालकावर वेगळा दावा चालत नाही, हक्क विमा महामंडळाकडे मागायचा. मालकाने नाव नोंदवलं नव्हतं म्हणून हक्क बुडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००३ साली सांगितलंय. ही विमा योजना ज्या अदारकर अहवालातून आली तो १९४४ साली सादर झाला तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं, एवढं तरी आपल्या पोरांना माहीत असावं. जयंतीच्या भाषणात हे कुणी सांगत नाही.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेले सगळे लोकलला लटकून आलेत. गाडीतून पडलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. चढताना पडलात, दारात उभे होतात, तरी २००८ आणि २०१० च्या निकालांनी भरपाई दिली आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेसावधपणा म्हणजे स्वतःला मुद्दाम इजा करणं नव्हे, आणि प्रेताजवळ तिकीट सापडलं नाही म्हणजे तो प्रवासी नव्हताच असं होत नाही. वारसांनी शपथपत्र द्यायचं, मग रेल्वेने खोडून दाखवायचं. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला आठ लाख. मुदत एक वर्ष. पण प्लॅटफॉर्मवर ओल्या लादीवरून पडलात तर हे कलम नाही, तिथे पुन्हा केळीच्या सालीपासून सुरुवात.

आता गटाराकडे येतो, कारण तिथे ‘पाय घसरला’ हे वाक्य सगळ्यात जास्त राबवलं जातं. माणसाला दोर बांधून, मास्क न देता आत उतरवतात, वायूने तो गुदमरतो, आणि कागदावर येतं: झाकणाजवळ उभा असताना पाय घसरून आत पडला. हे कशासाठी? २०१३ च्या कायद्याने त्याला असं आत उतरवणं हाच गुन्हा आहे, म्हणून. उतरवला म्हटलं तर कंत्राटदार आणि अधिकारी गुन्हेगार. घसरला म्हटलं तर मेलेला माणूसच वेंधळा. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली गटारातल्या मृत्यूला दहा लाख ठरवले, २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले, आणि कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. ही तीस लाखांची वाट एका क्रियापदाने बंद होते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी तिथे हजर राहा. झाकण कशाने उघडलं होतं, पहार कुठे पडली होती, दोर होता का, बादली होती का, मेलेल्याचे कपडे काठावर घडी करून ठेवलेले होते का? घसरून पडणारा माणूस आधी शर्ट काढून घडी घालत नाही.

रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलसाठी आणि खड्ड्यांसाठी मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि इजेला पन्नास हजार ते अडीच लाख असं ठरवून दिलंय. तिथे दाव्याची लांब वाट न धरता मागता येतं. पण फोटो लागणारच, झाकणाचा, जागेचा, आजूबाजूच्या दुकानाच्या पाटीसकट, म्हणजे जागा कुठली हे भांडण राहत नाही.

तर तुमच्याकडून मला काय पाहिजे? तुम्ही लिहिणारी पोरं आहात. वस्तीत कुणी पडलं असं कळलं की दवाखान्यात जा आणि डॉक्टरच्या टेबलाजवळ मुकादमाच्या आधी उभे राहा. ‘कसं झालं’ या प्रश्नाचं उत्तर पडलेल्या माणसाच्या तोंडून जाऊ द्या, आणि कागदावर काय उतरलं ते वाचून घ्या. इंग्रजी येतं ना? मग ते इथे वापरा. लादीचा फोटो धुण्याआधी काढा, कारण पडल्यानंतर जी लादी कधी धुतली नव्हती ती पहिल्यांदा चकाचक धुतात. ओली साडी, स्लीपर धुवू नका, पिशवीत ठेवा. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. पोच देत नसेल तर रजिस्टर्ड टपाल, आणि त्याची पावती घरच्या ट्रंकेत ठेवा. आणि अर्ज लिहिताना ‘पाय घसरला’ लिहू नका. लिहा: ‘अमुक मालकाच्या जागेत, अमुक वाजता, लादीवर साबणाचं पाणी साचलेलं होतं, निचऱ्याची जाळी तुंबलेली होती, त्यावरून पडून इजा झाली.’

भरपाईचे पैसे मिळाले की चळवळ थंड होते, असं आपल्यातलेच काही विचारवंत मला सांगतात. त्यांच्या घरी लादी कोण पुसतं ते मी अजून विचारलेलं नाही.

नव्या संहितेप्रमाणे अर्जाचा एक मसुदा केलाय, दाराजवळच्या बाकावर ठेवलाय, प्रती थोड्याच आहेत, दोघांत एक घ्या. प्रश्न असतील तर विचारा. हॉल सहापर्यंतच आपल्याकडे आहे.